बिहाइंड

शेवटची कथलाची खाण बंद पडली त्या वर्षी
रेडरूथच्या दवाखान्यात
लव्हडे ट्रेगिअर, वय चौऱ्याऐंशी, नवा गुडघा,
आजोबांची वही घेऊन आल्या.
"तुला गुडघ्यातलं कळतं, तर हा बघ."

फोटोत वीस जण. दोरीनं आवळलेली कॅनव्हासची जाकिटं.
जेबेझ डावीकडून तिसरा. हसतोय,
पण सगळा भार डाव्या पायावर,
उजवा नुसता टेकवलेला, परक्या घरात बसावं तसा.
म्हटलं, हा तेव्हाच गेला होता.
"त्यानंतर दोन हंगाम खेळला," त्या म्हणाल्या.

वहीत ठोकळ अक्षरं, पेन्सिलीची:
बॅलरॅट. सामने एकवीस.
गोल चार.
बिहाइंड एकतीस.

बिहाइंड म्हणजे?
म्हणजे मधल्या खांबांतून जायचा चेंडू
शेजारच्या फटीतून गेला.
त्या काळी टिपून घेत,
निकालात धरत नसत.

मी त्यांचा पाय वाकवत होते.
अजून थोडं. अजून.

मग तिकडे बँका बुडाल्या, इकडे बाप अंथरुणाला खिळला,
आणि जेबेझ बोटीनं परत आला.
गावात रग्बी. त्यानं एकदाच सांगून पाहिलं:
आम्ही दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा रोवून
वरच्या वर चेंडू झेलायचो.
दारूच्या गुत्त्यात हसू मावेना.
पुन्हा विषय नाही. खाली खाण, तीनशे पायऱ्यांची शिडी.
उतरताना दुखरा पाय आधी, हे मी रोज घसा कोरडा करून सांगते.
त्याला कोणी सांगितलं असेल?

"एकदा मी पाहिलं," लव्हडेबाई म्हणाल्या.
"सात वर्षांची होते. कुणाची तरी मयत.
चॅपलच्या दारात वारा असा सुटला
की पाद्रीबाबांची टोपी उडाली, पार माणसांच्या वर.
आणि आजोबा,
बावन्न वर्षांचे, काळ्या कोटातले,
शवपेटी धरणाऱ्या विली पास्कोच्या पाठीला गुडघा लावून
वर गेले.
दोन्ही हातांनी.
खाली आले तेव्हा सगळे गप्प.
टोपी झटकून दिली त्यांनी, आणि महिनाभर लंगडले."

मी तक्त्यात लिहिलं: वाकणं, ब्याण्णव अंश.
वही परत देताना शेवटचं पान उलटलं.
वेगळी शाई, तिरपी, लहान मुलीची अक्षरं:

टोपी एक.