भरलं ताट

तालिनमध्ये, कोप्लीच्या जुन्या गोदीत,
ट्रामच्या शेवटच्या थांब्यापाशी
पंतप्रधानांचं स्वयंपाकघर आहे.
भिंती तीनच.
चौथ्या बाजूला कॅमेरा, दोन हीटर आणि मी.

माझं काम ताटं वाढणं.
श्रेयनामावलीत मी अगदी तळाला,
हेल्ये, आणि लगेच जाहिरात.

उकडलेले बटाटे, वर शेपू,
काळ्या पावाच्या चार चकत्या,
हेरिंगवरून ग्लिसरीनचा हात,
म्हणजे दिव्यांखाली ती ताजी दिसते.
वाफेसाठी टेबलाखालून एक नळी.
मरेट सार, देशाची पंतप्रधान,
दर भागात एकदा घरी जेवायला बसते
आणि पहिल्या घासाआधी फोन वाजतो.
तो मीच वाजवते.

"आई, तू म्हणाली होतीस..."
ऊकु म्हणतो. नऊ वर्षांचा आहे.
वाक्य इथंच तुटतं, तसं लिहिलंय.
मरेट उठते. खुर्ची करकरते.
नवरा काट्यानं बटाटा दाबत राहतो.
कट.
पुन्हा घेऊ. हेल्ये, बटाटे बदल, सुरकुतलेत.

दोन हंगाम झाले.
सरकार तीनदा पडलं, एकदा एका मतानं वाचलं.
नवरा गेला, प्रेक्षकांनी पत्रं लिहिली, परत आला.
थोरलीनं गाडी ठोकली. सासू वारली.
पण या टेबलावरून कुणी जेवून उठलंय,
असं एकदाही झालं नाही.
आई म्हणायची, भरल्या ताटावरून उठू नये.
तिला कसं सांगणार,
त्या उठण्याचाच मला पगार मिळतो.

मार्चमधल्या एका मंगळवारी
खरी बाई आली.
यूता कास्क, दोन सरकारांत अर्थमंत्री,
आता निवृत्त, गुडघ्याला पट्टा.
कुठं चुकतंय का बघायला निर्मात्यानं बोलावलेली.
आम्हाला वाटलं, झेंड्याची बाजू बघेल,
फायलींचा रंग, सभागृहातले माइक.
ती ओल्या कोटानिशी सरळ स्वयंपाकघरात शिरली.
फ्रिज उघडला. आत दुधाचे रिकामे खोके
आणि एक गुंडाळलेली वायर.
बंद केला.
खुर्च्या मोजल्या, बोट दाखवून, लहान मुलासारख्या.

"एक चूक आहे," म्हणाली.
लेखक वही घेऊन धावला.
"तुमची बाई उठते तेव्हा सगळे तिच्याकडे बघतात.
आमच्याकडे कुणी मान वर करायचं नाही."

मग ती मरेटच्या खुर्चीत बसली.
मरेट होणारी तीऊ
गळ्यात मेकअपचा कागद खोचून बाजूलाच उभी,
आपली खुर्ची गेल्यासारखी.
यूता कास्कनं काटा उचलला.
"मासा नको खाऊ," मी म्हटलं. मंत्र्याशी एकेरीत. घाईत.
तिनं मासा कडेला सारला
आणि बटाटा खाल्ला. सकाळचा, गार, अळणी.
मग दुसरा.

ऊकुला वाटलं, नवी आजी आली.
तो समोर बसला.
खुर्ची आईची होती, म्हणून आईचं वाक्य म्हणाला,
"आई, तू म्हणाली होतीस..."

ती थांबली. गालात घास.
"काय म्हणाले होते मी?"

पुढचं कुणी लिहिलंच नव्हतं.
ऊकुनं माझ्याकडे पाहिलं.
माझ्या हातात फोन, बटणावर अंगठा.
हीटर घरघरत होता.
"की... शनिवारी पोहायला जाऊ," तो म्हणाला.
"कुठल्या तलावात?"
"तो निळ्या घसरगुंडीचा."
"तिथं पाणी फार गार असतं," ती म्हणाली,
आणि पावाच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं.

ती गेल्यावर सातत्य बघणारी मुलगी ओरडली,
ताट भरलेलं हवं, आधीच्या शॉटमध्ये भरलेलं आहे!
बरोबर होतं तिचं.
मी पातेल्यात पाणी घेतलं,
मीठ टाकलं. कधी टाकत नाही,
कॅमेऱ्याला मीठ दिसत नाही.