कंसाबाहेर

एकोणीस वर्षं मी तिची वाक्यं टिपली.
पॉट्सडामच्या विधानसभेत लघुलेखकाचं टेबल
वक्त्याच्या पायाशी असायचं;
मला माणसं चेहऱ्याआधी बुटांवरून कळत.
वाल्ट्राउट नागोर्काचे बूट तपकिरी, सपाट,
टाचेशी लाउझिट्झची वाळू.

पहिलं भाषण चार मिनिटांचं.
क्लाइन-येझरची सहा-चाळीसची बस तुम्ही बंद केलीत,
आता पोरांनी शाळेत दुधाच्या गाडीतून जायचं का?
(हशा. डावीकडून टाळ्या.)
बस सुरू झाली. पुढल्या निवडणुकीत म्हणे
त्या बसचा ड्रायव्हरच तिची पत्रकं वाटत होता.

मग रस्ते, मग अग्निशामक दलाची शिडी,
मग अर्थसमिती, जिथं माणूस
हळूहळू आकड्यांत बोलायला लागतो.
तिचं जर्मन सुधारलं. मला वाईट वाटलं.
आधी चिडली की ती मधेच एखादा वेंडिश शब्द टाकायची,
मी हात वर करून थांबवायचो,
आणि सभापतींकडे पाठ करून, वाकून
ती एकेक अक्षर सांगायची, बालवाडीतल्या बाईंसारखी.

चौदा नोव्हेंबर. कोळशाची खाण पुढे सरकवण्याचा ठराव.
नकाशावर काळी रेघ, रेघेच्या आत
क्लाइन-येझर : एक्काहत्तर घरं, चर्च, बेकरी,
आणि दफनभूमीत तिची आई.
बाप त्याच खाणीत यंत्र चालवत म्हातारा झालेला.
आठ हजार नोकऱ्या, ती म्हणाली. एकदाच म्हणाली.
मग हात मोजायची वेळ आली.

मी लिहिलं : ठराव बहुमतानं संमत.
हे नाही लिहिलं, की वर गेलेला हात
डावा होता; उजव्यानं तिनं
बाकाची कड धरून ठेवली होती.
असल्या गोष्टींना सभावृत्तात कंस नसतो.

आईला नव्या गावात हलवलं तेव्हा ती हजर होती.
लोक दोन पावलं लांब उभे.
शिवी कुणी दिली नाही.
एका म्हातारीनं तेवढं विचारलं :
सगळी हाडं आणलीस ना गं?

पुढची निवडणूक ती हरली, दोनशे बारा मतांनी.
क्लाइन-येझरची मतं दोनशे सहा.
हा हिशेब मी पुष्कळदा मांडलाय,
कुठल्याच बाजूनं सुटत नाही.

आता खाण बंद आहे. खड्ड्यात पाणी सोडलंय.
येझर म्हणजे तळं, हे मला तिथं गेल्यावर कळलं;
तिच्या आजीच्या आजीनंही
तिथं तळं पाहिलं नव्हतं म्हणे.
नागोर्काबाई काठावर बसल्या होत्या, अनवाणी,
बूट शेजारी, नीट जोडीनं.
अजून लिहिता का? त्यांनी विचारलं.
नाही, म्हटलं, निवृत्त झालो.
बरं झालं, म्हणाल्या,
आणि पाण्याकडे बघत बोलायला लागल्या,
बराच वेळ, आईच्या भाषेत.

एक शब्द कळला नाही.
मी हात वर केला नाही.