रिकामं शेत

दिंडोरीच्या वर, साडेचार हजार फुटांवर
ढवळीकर सरांनी बोलता बोलता थ्रॉटल मागे ओढला.
म्हणाले, "गेलं तुझं इंजिन."

पंखा फिरत राहिला, नुसताच,
वीज गेल्यावर घरातला फिरतो तसा.

आधी नाक. साठ नॉट, साठच.
मग वारा.
रामशेजच्या पायथ्याशी कुणी पाचट जाळत होतं,
धूर पूर्वेकडे कललेला.
मग शेत.

खाली सगळं हिरवं, गादीसारखं.
पण मी मोहाडीची. मला ठाऊक आहे,
द्राक्षाच्या पानांखाली लोखंडी अँगल असतात
आणि ताणलेल्या तारा.
शेततळ्याच्या प्लास्टिकवर ऊन.
त्याच्या पलीकडे, कांदा काढलेलं
एक लांबट रान, वाऱ्याला तोंड करून.
"ते," मी म्हटलं. "रिकामं आहे."

इंधन, मिश्रण, मॅग्नेटो.
हात आपोआप जाऊन आले,
गावाला निघताना गॅसच्या बटणाकडे जातात तसे.
मेडे, मेडे, मेडे, तोंडातल्या तोंडात.

जमीन पाचशे फुटांवर.
बांध दिसला. बांधाशी लाल ठिपका.
ठिपक्याचं लुगडं झालं, लुगड्यातली बाई,
पात कापायची थांबलेली,
विळ्याचा हात कपाळाशी धरून
माझ्याकडे बघणारी.

"गो अराउंड."
इंजिन भरून आलं,
जसं काही झालंच नव्हतं.

सर बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
"शेत चांगलं निवडलंस."

ओझरला चाकं टेकली,
लॉगबुकात मी पंचावन्न मिनिटं लिहिली,
तरी ती
कपाळावरचा हात खाली घेईना.