फुकट, चांगल्या घरी

दुकानाच्या दाराशी कॉर्कचा फळा आहे.
त्यावर काय काय टोचलेलं असतं:
वापरलेला ट्रॅक्टर, चर्चचं जेवण,
बर्फ उपसून देणारा पोरगा,
आणि फोन नंबरांच्या झिरमिळ्या कापलेली
ती नेहमीची चिठ्ठी.
फुकट. चांगल्या घरीच देणे आहे.

लुएला प्रॅथरनं ती माझ्याच गल्ल्याशी उभं राहून लिहिली,
माझ्याच पेननं.
कंबरेचं हाड मोडल्यावर मुलगा तिला
टोलेडोला नेणार होता, वृद्धाश्रमात,
तिसरा मजला, कुत्र्यांना मनाई.
"निकल. बीगल. वय नऊ.
डावा कान फाटका. विजांना भितो.
अंडं उकडलेलंच खातो."
किंमत लिहायच्या जागी पेन थांबलं.
म्हणाली, नाव निकल, पाच सेंटाचं नाणं,
पण तेवढे तरी कसे मागू?
पोटच्या पोराचे पैसे घेतं का कुणी?
मी हसले.
काही बोलायची तीच वेळ होती.

गुरुवारी तो आला.
दिसायला बरा होता, हे सांगायलाच हवं.
धुतलेला शर्ट, बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी,
तिच्या हातात द्राक्षाच्या सोड्याची बाटली,
ओठ जांभळे.
त्यानं निकलची एक झिरमिळी फाडली.
मग मांजरीच्या पिल्लांची एक.
मग सशांची.
मग कुणाच्या तरी म्हाताऱ्या लॅब्राडोरची.
चारही खिशात घातल्या
आणि साधा खिळासुद्धा न घेता गेला.

मी पाहिलं.
कोंबड्यांच्या खाद्याच्या गोण्या मोजत होते,
बावीस, तेवीस.
मोजणं थांबवलं नाही.

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात.
ते घेणाऱ्यासाठी झालं.
देणाऱ्यानं कुणाचे मोजायचे?

लुएला सांगत होती, मुलगी गवतात लोळली त्याच्याबरोबर,
निकलनं तिचा जांभळा ओठ चाटला.
माणूस म्हणाला, शेत आहे, मागं ओढा आहे.
तिनं गोधडी दिली, पुठ्ठ्याच्या खोक्यात सहा अंडी दिली,
वर थँक यू तीच म्हणाली.
वाटी तेवढी पायरीवर राहिली.
ती घेऊन जा सांगायला फोन केला,
तर तो नंबर कुणाचाच नव्हता.

डेप्युटीनं वहीसुद्धा उघडली नाही.
तुम्हीच दिलात ना बाई, आपल्या हातानं?
मग चोरी कसली?
नंतर गल्ल्याशी लोक बोलू लागले.
कुणी म्हणे, प्रयोगशाळांना विकतो,
बीगल गरीब असतात, सुईला हात चावत नाहीत.
कुणी म्हणे, काउंटीच्या पलीकडं एक कोठार आहे,
तिथं झुंजीच्या कुत्र्यांना सराव लागतो.
पिल्लं कशाला, असं कुणीतरी विचारलं.
अजगर पाळणारा एक जण उगाच दोरखंडाची किंमत बघत राहिला.
मला खरं काय ते माहीत नाही.
रात्री मला तिन्ही खरं वाटतं.

सप्टेंबरात ती मुलगी पुन्हा दिसली, आईबरोबर.
मी विचारलं, कुत्रा कसा आहे गं?
आई म्हणाली, कसला कुत्रा? आम्ही मोटेलात राहतो.
मुलगी माझ्याकडं बघत नव्हती.
फ्रिजच्या काचेतून सोड्याकडं बघत होती.
त्या सगळ्या व्यवहारात
मोल मिळालं ते तिला एकटीला:
एक बाटली, थंड.

आता फळ्यावर मी एक पाटी लावलीय.
प्राणी फुकट द्यायचा नाही.
साठ डॉलर मागा, घर बघून या,
गाडीचा नंबर लिहून घ्या.
लोक चिडतात. परवा एक जण म्हणाला,
चांगलं काम करायलाही आता पैसे लागतात का?
मी म्हटलं, हो.
आणि त्याला गोणी उचलून दिली.

लुएलाचा फोन येतो, तिकडं विजा झाल्या की.
तुमच्याकडं पण होतायत का गं?
आणि मग, थोडं थांबून,
ओढ्याकाठच्या शेतात पलंग असेल ना,
खाली शिरायला?

वाटी माझ्याकडं आहे, गल्ल्याखाली.
ती द्यायला मी निघाले होते एकदा,
टोलेडोच्या फाट्यापर्यंत.