शेरा

बिलावर नाव अजून बाबांचंच :
फणसे दिगंबर कृष्णाजी.
ते जाऊन नऊ वर्षं झाली.
सलाटवाड्यातलं घर, दोन खोल्या, वर माळा,
सव्वा एकतीस चौरस मीटर,
आणि वेरा शेजारच्या इनामदारांच्या दुप्पट,
ज्यांच्याकडे एक खोली जास्त आहे, वर एसी.

"गुणाकार होय बेन," खिडकीतली ध्वनि पंचाल म्हणाली,
माझ्या सातवीतल्या मुलींहून फार मोठी नसेल.
क्षेत्रफळ गुणिले दर,
गुणिले वस्ती कुठली, घर किती जुनं,
राहतो तो मालक की भाडूत,
गुणिले वापर.
शेवटच्या आकड्याखाली तिनं पेन्सिलीनं रेघ मारली.
"इथे रहेणांक नथी. धंधो छे."

धंदा? आमच्याकडे?
बाबा कारखान्यात लेथवर. भाऊ पुण्याला.
मी शाळेत भूगोल शिकवते.
विकावं असं काही आमच्या घरात
कधी नव्हतंच.

कॉम्प्युटर दोन हजार तीनच्या मागे जात नाही.
मागे जायला सोमाभाई लागतात,
त्यांची किल्ली लागते,
आणि त्यांचा चहा संपेस्तोवर उभं राहणं.
मग लाल फडक्यातलं आकारणी रजिस्टर,
गाठ सुटताना शिंक,
आणि गुजराती अक्षर, जे मी
भाजीवाल्याच्या पाटीसारखं न अडखळता वाचते.

सत्त्याऐंशी साल. जागेवर तपास केला.
बारावा रकाना, शेरा :
*आगली खोली. सिलाई मशीन नंग बे.
बे बाई कामे बेठेली. वपराश : धंधो.*

एक मशीन आईचं.
दुसऱ्यावर हमीदाबेन.
आम्हाला वाटायचं, त्या गप्पा मारायला येतात.
दुपारी आम्हा भावंडांना माळ्यावर पिटाळायचं,
"खाली पसारा आहे, अभ्यास करा."
खालून खडखड यायची, मध्येच हसणं.
आई म्हणायची, जरा टाके घालते.
बाबा म्हणायचे, ती घरीच असते.
आणि शाळेच्या फॉर्मवर, आईचा व्यवसाय या पुढे,
मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : काही नाही.

कुणा परक्या इन्स्पेक्टरनं
उंबऱ्यातून एकदा पाहिलं
आणि बरोबर लिहिलं.

सोमाभाईंनी पान उलटलं.
चौऱ्याण्णव. फेरतपासणी.
*वपराश बदलायो होय तो वेरो ओछो थशे, एम समजाव्युं.
बाई कहे छे, धंधो चालू छे.*
खाली सही, मराठीत : शरयू फणसे.
आधी सौ. लिहून
मग ते खोडलेलं.

चौऱ्याण्णवला कसला धंदा?
दुसरं मशीन ब्याण्णवच्या डिसेंबरातच गेलं होतं,
हमीदाबेनबरोबर, हातगाडीवर, तांदलज्याला.
उरलेल्यावर आईनं चादर घातली,
त्यावर आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवायचो.
तरी दर वर्षी ती फरक भरत राहिली.
कुठल्या डब्यातून, कोण जाणे.
पुढे सगळं मशीनवर चढलं तेव्हा
शेऱ्यातल्या दोन्ही बायका गळाल्या,
गुणायचा आकडा तेवढा उरला.

"फॉर्म भरो," ध्वनि म्हणाली, "आवता वरसथी अर्धु."
मी भरला. नंबर, क्षेत्रफळ, वारसाचं नाव.
वापर : रहेणांक. खरं तेच लिहिलं,
पगार काही फार नाही माझा.
मग त्या दोन पानांची नक्कल मागितली.
शा माटे, असा एक रकाना होता त्या अर्जातही.
तो कोरा सोडला, तिनं चालवून घेतला.

नक्कल घडी करून पर्समध्ये ठेवली,
आणि सोमाभाईंना विचारलं,
तांदलज्याची बस कुठून सुटते.
ते बघतच राहिले.
"बेन, तमे तो अहींनां ज ने?"
हो, म्हटलं. इथलीच.
पन्नास वर्षं.