शेहेचाळिसावा आठवडा

ब्रॅन्सनच्या टेकडीवर, तळ्याकडे तोंड केलेल्या त्या हॉलमध्ये
सकाळी नऊपासून मी कॉफी ओतते.
न्याहारी फुकट, शोची दोन तिकिटं फुकट,
फक्त नव्वद मिनिटं बसायचं.
माझी तिसरी किटली संपते
तरी पहिलं जोडपं खुर्चीतच असतं.

कुणी सही केली की फुगा फोडतात.
ठाप्.
सगळे टाळ्या वाजवतात, मीही, किटली खाली ठेवून.
बाकीच्या टेबलांवरची माणसं एकमेकांकडे बघतात,
आपलंच काही राहून चाललंय की काय, अशी.

त्या मंगळवारी चौदा नंबरला
कॅन्ससहून आलेले लोवेल आणि आर्डिस स्टकी.
त्याची हयात ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेलेली,
ती पशुखाद्याच्या दुकानात हिशेब लिहिणारी.
लोवेल दहा मिनिटांत विरघळला.
पडद्यावर धुकं, होडी, नातवाच्या गळाला लागलेला मासा
आणि ब्रेंटचा आवाज, पॅनकेकवरच्या पाकासारखा :
"दर वर्षी एक आठवडा तुमचा. जन्मभर."

आर्डिसने पर्समधून पेन्सिल काढली.
"कुणाच्या जन्मभर?"

ब्रेंट हसला. ती हसली नाही.
"देखभालीचं बिल दहा वर्षांपूर्वी किती होतं, आज किती?
कागदावर दाखवा.
आणि मला नको झालं, तर बाहेरचं दार कुठे आहे?"

मग ब्रेंटचा साहेब आला, साहेबाचा साहेब आला.
बावीस हजारांचे सोळा झाले, सोळाचे अकरा,
पण फक्त आज, फक्त या टेबलावर.
"अहो, पोत्याचा भाव मी असा निम्म्यावर आणला,
तर गिऱ्हाईक आधी माझा काटा तपासेल," ती म्हणाली.
"करार द्या. घरी नेऊन वाचते."
घरी नेता येत नाही, म्हणाले.
"मग सहीसुद्धा घरीच राहू दे."

मी कॉफी ओतायला वाकले.
तिने कपावर पालथा हात ठेवला.
"नको. मला आज रात्री झोपायचंय."

तिला सांगावंसं वाटलं :
माझ्या आईनेही इथेच सही केली होती.
फुगा फुटला तेव्हाचा तिचा फोटो आहे, डोळे मिटलेला.
तिला मिळाला शेहेचाळिसावा आठवडा,
म्हणजे नोव्हेंबर, होड्यांवर ताडपत्र्या आणि अर्धी दुकानं बंद.
ती गेली, आणि जानेवारीत बिल माझ्या नावाने आलं.
असला वारसा नाकारताही येतो, हे कळलं
तोवर मी कागदावर सही करून बसले होते.
एका डॉलरला विकायला काढला.
एकाचाच फोन आला;
घेतो, म्हणाला, पण वर किती देणार?

सांगितलं नाही. नोकरी आहे.
त्या बिलासाठीच तर आहे.

तिकिटांसाठी त्यांना खिडकीपाशी अर्धा तास उभं केलं.
लोवेल रुसून तळ्याकडे बघत होता.
"त्या पैशात आपण हव्या त्या आठवड्यात येऊ," ती म्हणाली,
"हव्या त्या तळ्यावर."
तो काही बोलला नाही.
पार्किंगपर्यंत तो तिच्या चार पावलं पुढे चालत होता.

टेबल पुसताना बशीखाली नॅपकिन सापडला.
पेन्सिलीचे बारीक आकडे, वीस वर्षांचे, एकाखाली एक,
आणि तळाशी दोन रेघा.
मी तो ॲप्रनच्या खिशात टाकला.

यंदा नोव्हेंबरात पहिल्यांदाच तिथे राहून आले.
एकटी, तीन दिवस.
हीटर खडखडत होता, टीव्हीला रिमोट नव्हता,
तळं मात्र खरंच सुंदर, ते कुणी खोटं नव्हतं सांगितलं.
दुसऱ्या रात्री नॅपकिन उलगडला
आणि आर्डिसच्या आकड्यांशेजारी आईचे आकडे लिहीत गेले,
सही केली त्या वर्षापासून.

बेरीज केली नाही.
पेन बंद केलं, बाल्कनीचं दार लावलं,
ते नीट लागत नव्हतं.