चुलीवरचा पाहुणा

सगूणकाका हाँगकाँगहून बोट सोडून आले
ते लाल कागदावरचा चुलीचा देव घेऊन:
दाढी तीन पदरी, शेजारी बायको.

वर्षअखेर हा वर जातो म्हणे,
घरातलं सगळं सांगतो.
म्हणून ओठांना गोड लावायचं
आणि जाळून निरोप द्यायचा.

आचऱ्याच्या रांधपघरात
काकीने वायनावर
पेजेनं चिकटवला त्याला.
शिमग्याला काकवीचं बोट फिरवलं,
जाळला मात्र नाही.
"घरातला घरातच ऱ्हवांदे."

रात्रीत मुंग्या लागल्या.
सकाळी देवाला तोंडच नव्हतं.

काकी बघत राहिली,
भात करपेपर्यंत.
मग फुंकणी बाजूला ठेवून
हळू आवाजात
त्याला सांगू लागली,
विकलेल्या पाटलीपासून.